घरी रक्तशर्करा मोजायला सुरुवात करताना: साहित्य, पद्धत आणि आकड्यांचे वाचन

मधुमेहाचे निदान झाले की पहिल्या काही दिवसांतच घरात ग्लुकोमीटर येतो. मात्र तो कधी वापरायचा, आलेल्या आकड्याचे काय करायचे आणि लागोपाठ घेतलेले दोन आकडे वेगळे का येतात, हे खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या माहितीपत्रकातून सहसा उमगत नाही. हा गोंधळ मी स्वतः अनुभवला आहे आणि तो निस्तरताना जे कळत गेले, ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी येथे क्रमाने मांडत आहे. औषधाची मात्रा कमी-जास्त करणे हे डॉक्टरांचे काम आहे. त्यांना विश्वासार्ह आकडे पुरवणे हे आपले.

एक खुलासा सुरुवातीलाच करायला हवा. मधुमेह आहे की नाही, याचा निर्णय घरच्या मीटरवरून करत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेत तपासलेले रक्तच ग्राह्य धरले जाते आणि उपाशीपोटी १२६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा अधिक, अथवा एचबीए१सी (मागील दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्तचाचणी) ६.५ टक्के किंवा अधिक, हे निदानाचे प्रचलित निकष आहेत. घरातला मीटर निदान झाल्यानंतरच्या रोजच्या देखरेखीसाठी असतो. यापुढे जेथे नुसता आकडा दिला आहे, तेथे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर हे एकक गृहीत धरावे.

१. खरेदीआधी डॉक्टरांकडून चार गोष्टी लिहून घ्या

मीटर कोणता घ्यावा, हा बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो. त्याआधी पुढील चार प्रश्नांची उत्तरे कागदावर हवीत:

- कोणत्या वेळी आणि आठवड्यातून किती वेळा तपासायचे?
- माझ्यासाठी उपाशीपोटी आणि जेवणानंतर किती आकडा अपेक्षित आहे?
- साखर किती खाली गेली तर लगेच काय करायचे?
- किती वर गेली, आणि किती वेळ वर राहिली, तर फोन करायचा?

सर्वांसाठी एकच वेळापत्रक नसते. दिवसातून अनेकदा इन्सुलिन घेणाऱ्या व्यक्तीला प्रत्येक जेवणाआधी, झोपण्यापूर्वी, व्यायामाआधी, वाहन चालवण्याआधी आणि साखर उतरल्याची शंका येताच तपासावे लागते. रात्री एकदाच दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन घेणाऱ्यांच्या बाबतीत सकाळचा उपाशीपोटीचा आकडा सर्वांत महत्त्वाचा असतो, कारण त्या इन्सुलिनची मात्रा त्यावरूनच ठरते. केवळ मेटफॉर्मिनसारख्या, एकट्याने साखर सहसा प्रमाणाबाहेर न उतरवणाऱ्या गोळ्यांवर असलेल्यांपैकी अनेकांना रोज बोट टोचण्याची गरजच नसते. ग्लिमेपिराइड किंवा ग्लायबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्यांनी मात्र साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. त्यामुळे 'मी तर फक्त गोळ्यांवर आहे' असे म्हणताना गोळी कोणती, हे पाहणे आवश्यक आहे.

ज्या आकड्यावरून काहीच ठरवायचे नाही, त्यासाठी बोट टोचू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्ट्रिप (रक्ताचा थेंब लावून मीटरमध्ये घालायची पट्टी) वाया जाते, बोट दुखते आणि विनाकारण काळजी वाढते ती वेगळीच. तपासण्याआधी 'हा आकडा कोणत्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे?' असे स्वतःला विचारण्याची सवय लावली, तर तपासण्या कमी होऊनही माहिती वाढते.

२. लागणारे साहित्य

- ग्लुकोमीटर आणि त्याची एक जादा बॅटरी. अनेक मीटरमध्ये नाण्याच्या आकाराची सीआर २०३२ बॅटरी लागते. तरी आपल्या मीटरच्या मागे लिहिलेला क्रमांक पाहूनच घ्यावी.
- त्याच मीटरसाठी बनवलेल्या स्ट्रिप्स.
- लॅन्सिंग पेन, म्हणजे बोट टोचण्याचे स्प्रिंगचे पेन, आणि त्यात बसणाऱ्या सुया. सुईवरचा गेज क्रमांक जितका मोठा, तितकी सुई बारीक. ३० ते ३३ गेजच्या सुया बहुतेकांना सोसतात.
- कंट्रोल सोल्यूशनची छोटी बाटली. मीटरच्या खोक्यात ती नेहमी असतेच असे नाही. नसल्यास वेगळी मागवावी लागते.
- कोरडा कापूस.
- नोंदवही, किंवा मोबाइलवर नोंद ठेवायची असल्यास तशी सोय.
- वापरलेल्या सुयांसाठी जाड प्लास्टिकचा, घट्ट झाकणाचा डबा.
- साखर उतरल्यास लगेच घेता येतील अशा ग्लुकोजच्या गोळ्या किंवा पावडर. ही तपासणीची वस्तू नसली, तरी मीटरच्या पिशवीतच तिची जागा असावी.

३. मीटर निवडताना स्ट्रिपचा विचार आधी करा

मीटर एकदा घ्यायचा असतो, स्ट्रिप्स कायम लागत राहतात. म्हणून स्वस्तात किंवा फुकट मिळालेल्या मीटरला भुलण्याआधी त्याच्या स्ट्रिप्सचा महिन्याचा खर्च काढावा आणि त्या आपल्याला नियमितपणे मिळत राहतील का, याची खात्री करावी. विमा किंवा सरकारी योजनेतून साहित्य मिळत असेल, तर त्या यादीतल्या स्ट्रिप्स कोणत्या आणि महिन्याला किती मिळतात, हे पाहूनच मीटर ठरवणे शहाणपणाचे.

अचूकतेसाठी आयएसओ १५१९७ या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख माहितीपत्रकात शोधावा. त्याच्या २०१३ च्या आवृत्तीनुसार, खरी साखर १०० किंवा अधिक असेल, तर मीटरचे ९५ टक्के आकडे प्रयोगशाळेच्या आकड्याच्या १५ टक्के मागे-पुढे असावे लागतात. १०० पेक्षा कमी असेल, तर १५ मिलिग्रॅमच्या आत. याचा व्यवहारातला अर्थ समजून घेण्यासारखा आहे. खरी साखर २०० असताना मीटरने १७५ दाखवले किंवा २२५ दाखवले, तरी तो मीटर मानकात बसतो. त्यामुळे लागोपाठच्या दोन तपासण्यांत १४२ आणि १५३ आले, म्हणून मीटर बिघडला असे समजण्याचे कारण नाही. वैद्यकीय निर्णयाच्या दृष्टीने तो एकच आकडा आहे.

वय झालेल्यांसाठी मोठा पडदा, मोठे आकडे आणि सहज पकडता येईल अशी स्ट्रिप या गोष्टी अचूकतेइतक्याच महत्त्वाच्या ठरतात. दृष्टी अधू असल्यास आकडा बोलून दाखवणारे मीटरही उपलब्ध आहेत. ज्यांना रक्तक्षय आहे, त्यांनी मीटरची हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तातील तांबड्या पेशींच्या प्रमाणाची, मर्यादा पाहून घ्यावी. पोटातून डायलिसिस घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीटर घेऊच नये: त्या उपचारातील आयकोडेक्स्ट्रिन या द्रावापासून शरीरात माल्टोज तयार होते आणि काही विशिष्ट प्रकारच्या स्ट्रिप्स त्याला ग्लुकोज समजून खोटा, वाढीव आकडा दाखवतात. साखर प्रत्यक्षात उतरलेली असताना मीटर ती चढलेली दाखवतो आणि त्यावर विसंबून इन्सुलिन घेतले गेले, तर जिवावर बेतू शकते.

खरेदीतले नेहमीचे सापळे असे: उघडलेल्या डबीतल्या सुट्या स्ट्रिप्स, मुदत संपत आल्यामुळे सवलतीत मिळणारी खोकी, आणि दुसऱ्या मीटरच्या पण खाचेत नीट बसणाऱ्या स्ट्रिप्स. खाचेत बसली म्हणजे चालली, असे नसते.

४. स्ट्रिप्स सांभाळणे

स्ट्रिपच्या टोकाशी एंझाइमचा अतिशय पातळ थर असतो. रक्तातल्या ग्लुकोजशी त्याची प्रक्रिया होऊन सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि मीटर तो प्रवाह मोजून आकडा दाखवतो. दमट हवा, ऊन आणि उष्णता यांनी हा थर खराब होतो, आणि खराब झालेली स्ट्रिप वरून अगदी नव्यासारखी दिसते.

स्ट्रिप्सची डबी साधी नसते; तिच्या झाकणात किंवा आतल्या भिंतीत ओलावा शोषणारा पदार्थ बसवलेला असतो. म्हणून स्ट्रिप्स दुसऱ्या डबीत काढून ठेवू नयेत, जुन्या डबीतल्या उरलेल्या नव्या डबीत मिसळू नयेत आणि एक स्ट्रिप काढली की, बोट टोचण्याच्याही आधी, झाकण 'टक्' असा आवाज येईपर्यंत दाबून लावावे. डबी न्हाणीघरात, चुलीजवळ, खिडकीत किंवा उन्हात उभ्या केलेल्या गाडीत ठेवू नये. फ्रीजमध्येही नको, कारण बाहेर काढताच तिच्यात दव धरते. साठवणीचे तापमान डबीवर छापलेले असते. बहुतेकांची वरची मर्यादा ३० अंश सेल्सिअस असते.

मुदतीच्या दोन तारखा असू शकतात. एक छापील, दुसरी डबी उघडल्यापासून मोजायची, आणि ती काही उत्पादकांकडे ३ महिने तर काहींकडे ६ महिने असते. काही स्ट्रिप्स मात्र छापील तारखेपर्यंत चालतात. डबी उघडली त्या दिवशीच तिच्यावर पेनाने तारीख लिहावी, म्हणजे पुढे अंदाज बांधत बसावे लागत नाही.

५. मीटर पहिल्यांदा सुरू करताना

तारीख आणि वेळ आधी लावा. घड्याळ चुकीचे असेल, तर मीटरच्या स्मृतीतले आकडे सकाळचे की रात्रीचे हेच कळत नाही आणि ती सारी नोंद निरुपयोगी ठरते. बॅटरी बदलल्यावर घड्याळ पुन्हा तपासावे.

त्यानंतर एकक पाहा. काही देशांत मिलिमोल प्रति लिटर हे एकक वापरतात. त्याला १८ ने गुणले की मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर मिळते. पडद्यावर ५.६ दिसले, तर साखर भयंकर उतरली असे नव्हे. तो आकडा सुमारे १०० च आहे. जुन्या मीटरमध्ये प्रत्येक नव्या डबीचा कोड भरावा लागतो किंवा डबीसोबतची चिप बसवावी लागते. नव्या मीटरमध्ये बहुधा ही कटकट नसते, पण आपला मीटर कोणत्या प्रकारचा आहे, ते पाहून घ्यावे.

कंट्रोल सोल्यूशन हे ग्लुकोजचे ठरावीक प्रमाण असलेले द्रावण आहे. रक्ताऐवजी त्याचा थेंब स्ट्रिपला लावायचा आणि आलेला आकडा स्ट्रिपच्या डबीवर छापलेल्या मर्यादेत बसतो का, ते पाहायचे. लोक ही मर्यादा बाटलीवर शोधत राहतात. बहुधा ती डबीवर असते. नवी डबी उघडल्यावर, मीटर हातातून पडल्यावर आणि आकडे पटेनासे झाल्यावर ही चाचणी करावी. बाटलीही उघडल्यानंतर साधारण ३ महिन्यांनी टाकून द्यावी लागते.

६. प्रत्यक्ष तपासणी

बहुतेक चुकीचे आकडे या टप्प्यावर जन्माला येतात, त्यामुळे येथे थोडे सविस्तर लिहितो.

हात साबणाने आणि शक्यतो कोमट पाण्याने धुवा. आधुनिक स्ट्रिपला साधारण अर्धा मायक्रोलिटर रक्त पुरते. रक्तशर्करा १०० असताना तेवढ्या थेंबात जेमतेम अर्धा मायक्रोग्रॅम साखर असते, म्हणजे एका ग्रॅमचा वीस लाखावा भाग. फळ सोललेल्या किंवा गोड पदार्थ हाताळलेल्या बोटावर याच्या कितीतरी पट साखर सहज राहते आणि आकडा भलताच चढतो. स्पिरिटच्या बोळ्याने एकदा पुसल्याने तो चिकट थर पूर्णपणे जातोच असे नाही. धुणे हाच खरा उपाय. धुतल्यावर हात पूर्ण कोरडे करा, कारण ओल्या बोटावर थेंब पसरतो आणि पाण्याने पातळही होतो. धुण्याची सोयच नसेल, तर पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून दुसरा थेंब वापरावा.

आता पेनात नवी सुई बसवा, स्ट्रिप मीटरमध्ये सरकवा आणि पडद्यावर थेंबाचे चिन्ह येईपर्यंत थांबा. हात खाली सोडून काही वेळ हलवल्यास बोटात रक्त उतरते.

टोचायचे ते बोटाच्या मधोमध नव्हे, तर टोकाच्या कडेला. मधल्या मांसल भागात संवेदना जास्त असते आणि दिवसभर वस्तू धरताना तोच भाग दाबला जातो. रोज तेच बोट टोचल्यास तेथे काळे ठिपके उमटतात आणि कातडी घट्ट होते; म्हणून बोटे आलटून-पालटून वापरावीत. अनेक जण अंगठा आणि तर्जनी कामाची बोटे म्हणून सोडून देतात. पेनावरची खोली सर्वांत कमी आकड्यापासून सुरू करा आणि पुरेसा थेंब येईपर्यंत एकेक घराने वाढवा.

थेंब येत नसेल, तर बोटाचे टोक पिळून काढू नका. जोराने पिळल्यास रक्ताबरोबर ऊतींमधला द्रवही बाहेर येतो आणि आकडा बिघडतो. तळहाताकडून टोकाकडे हलक्या हाताने दाब देत यावे आणि थांबावे. टाचणीच्या डोक्याएवढा थेंब उभा राहिला की पुरे. मग स्ट्रिपची कड थेंबाला नुसती टेकवा. स्ट्रिप रक्त स्वतः ओढून घेते आणि तिची खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली दिसते. स्ट्रिपवर वरून थेंब टाकणे किंवा ती बोटावर घासणे चुकीचे आहे. खिडकी अर्धवट भरली, तर त्याच स्ट्रिपवर आणखी रक्त लावण्याऐवजी नवी घ्या. काही मीटर काही सेकंदांत पुन्हा रक्त लावू देतात, पण आपला मीटर त्यांपैकी आहे का, हे माहितीपत्रकातच पाहावे.

सुई प्रत्येक वेळी नवी असावी. प्रत्यक्षात अनेक जण तीच सुई पुन्हा वापरतात, हे मलाही ठाऊक आहे. बोथट सुई जास्त दुखवते आणि तिच्यावर जंतूही राहतात. सवलत देता येणार नाही अशी गोष्ट मात्र एकच: आपली सुई आणि आपले पेन दुसऱ्याला, घरातल्या माणसालाही, वापरायला देऊ नये. सुई बदलली तरी पेनावर न दिसणारे रक्त राहू शकते आणि हिपॅटायटिस बी सारखा संसर्ग त्यातून पसरतो.

दंडावरून किंवा मनगटाच्या वरच्या भागातून रक्त घेण्याची सोय काही मीटरमध्ये असते. त्या भागातील साखर बोटाच्या मागे रेंगाळते. त्यामुळे जेवणानंतर, व्यायामानंतर किंवा साखर उतरल्याची शंका असताना बोटच टोचावे.

७. आकडा वाचणे

गर्भवती नसलेल्या बहुतेक प्रौढांसाठी जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून एक ते दोन तासांनी १८० च्या आत, ही सर्वसाधारण लक्ष्ये मानली जातात. गरोदरपणात ती बरीच कडक असतात: उपाशीपोटी ९५ च्या आत आणि जेवणानंतर दोन तासांनी १२० च्या आत. वृद्ध, एकटे राहणारे किंवा वारंवार साखर उतरणारे यांच्यासाठी डॉक्टर मुद्दाम सैल लक्ष्ये देतात. म्हणून शेजाऱ्याचे लक्ष्य आपल्याला लावू नये.

७० च्या खालचा आकडा म्हणजे साखर उतरली. ५४ च्या खाली ती गंभीर पातळी. हाताला कंप, घाम, धडधड, एकाएकी कडकडून लागलेली भूक, चिडचिड किंवा गोंधळल्यासारखे होणे ही त्याची लक्षणे आहेत. अशा वेळी १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे, १५ मिनिटे थांबावे आणि पुन्हा तपासावे. अजूनही ७० च्या खाली असेल, तर तेच पुन्हा करावे. चॉकलेटसारख्या स्निग्ध पदार्थांतली साखर रक्तात सावकाश उतरते, त्यामुळे या घडीला ते उपयोगी नाहीत. अकार्बोज किंवा व्होग्लिबोज या गोळ्या घेणाऱ्यांनी तर ग्लुकोजच घ्यावे, कारण या गोळ्या साध्या साखरेचे पचन लांबवतात. लक्षणे आहेत पण मीटर हाताशी नाही, अशा स्थितीत मीटर शोधत न बसता आधी ग्लुकोज घ्यावे. व्यक्ती बेशुद्ध असेल, तर तोंडात काहीही घालू नये. ग्लुकागॉन (साखर वाढवणारे आणीबाणीचे औषध) उपलब्ध असल्यास ते द्यावे आणि तातडीने वैद्यकीय मदत बोलवावी.

पडद्यावर आकड्याऐवजी 'हाय' किंवा 'लो' अशी अक्षरे आली, तर तो मीटरचा बिघाड समजू नये. साखर मीटरच्या मोजण्याच्या मर्यादेबाहेर गेली आहे, असा त्याचा अर्थ असतो. पुष्कळ मीटरची मर्यादा २० ते ६०० असते. हात धुऊन लगेच पुन्हा तपासावे आणि तेच आले, तर थांबून राहू नये.

८. आकडा पटत नसेल तर

अंगाला जाणवते एक आणि मीटर सांगतो दुसरेच, असे कधीतरी होतेच. अशा वेळी हात धुऊन, नव्या स्ट्रिपने, दुसऱ्या बोटावर तपासावे. तरीही शंका राहिली, तर डबीची तारीख पाहावी, कंट्रोल सोल्यूशन लावावे आणि खोलीचे तापमान लक्षात घ्यावे. बहुतेक मीटर १० ते ४० अंशांच्या दरम्यानच नीट चालतात. बाहेरच्या थंडीतून आत आणलेला मीटर थोडा वेळ तसाच राहू द्यावा.

रक्तक्षय असल्यास आकडा खऱ्यापेक्षा जास्त, तर रक्त दाट असल्यास कमी येण्याची प्रवृत्ती असते. शरीरातले पाणी फार कमी झाले असेल किंवा रक्ताभिसरण मंदावले असेल, तर बोटातल्या रक्तावर विसंबता येत नाही.

मीटरची प्रयोगशाळेशी तुलना अवश्य करावी, पण नीट करावी. उपाशीपोटी जावे, शिरेतून रक्त घेतल्यानंतर पाच मिनिटांच्या आत स्वतःच्या मीटरने बोट टोचून तपासावे आणि तो आकडा लिहून ठेवावा. जेवणानंतर तुलना करू नये, कारण तेव्हा बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर खरोखरच जास्त असते. दुसरा मुद्दा असा की, साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील पेशी साखर वापरत राहतात आणि तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर घटते. नमुना बराच वेळ पडून राहिला, तर खरा आकडा मीटरचा आणि खाली घसरलेला आकडा प्रयोगशाळेचा, असेही घडू शकते.

९. नोंद ठेवणे

नुसते '१९६' लिहिलेले पाहून डॉक्टर काय सांगणार? तारीख, वेळ, जेवणाआधी की नंतर, काय आणि साधारण किती खाल्ले, औषध घेतले की चुकले, व्यायाम, आजारपण: एवढे एका ओळीत मावते.

स्ट्रिप्स मोजक्या असतील, तर जोडीने तपासण्याची पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली. एका जेवणाच्या आधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. आधी ११८ आणि नंतर १९६ असेल, तर त्या जेवणाने ७८ ची चढ दिली. दोन-तीन दिवस सकाळच्या जेवणाची, मग दुपारच्या, मग रात्रीच्या जेवणाची जोडी घेतली, की कोणते जेवण साखर चढवते, हे आठवड्याभरात आपोआप समोर येते. रोज सकाळीच तपासत राहिल्यास हे कधीच दिसत नाही.

एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये. त्याच वेळेचा तसाच आकडा तीन दिवस आला, तर त्याला कल म्हणावे. सकाळचे आकडे सतत चढे येत असल्यास डॉक्टर एखाद्या रात्री तीनच्या सुमारास तपासायला सांगतात. तेव्हाही साखर चढलेलीच असेल, तर कारण रात्रीचे जेवण किंवा अपुरे औषध असू शकते. तीनला ठीक आणि उजाडता चढलेली असेल, तर पहाटे शरीरात वाढणाऱ्या संप्रेरकांचा तो परिणाम असू शकतो. आणि तीनलाच फार खाली असेल, तर औषध वाढवणे धोक्याचे ठरेल.

१०. एचबीए१सी आणि मीटर यांचा मेळ

एचबीए१सी ही चाचणी मागील दोन-तीन महिन्यांचा सरासरी अंदाज देते. तिला २८.७ ने गुणून ४६.७ वजा केले, की सरासरी रक्तशर्करा मिळते: ७ टक्के म्हणजे सुमारे १५४, आणि ८ टक्के म्हणजे सुमारे १८३. घरची सरासरी १३० आणि एचबीए१सी ८ टक्के, अशी तफावत दिसली, तर मीटरला दोष देण्याआधी आपण केवळ उपाशीपोटीच तपासत आहोत का, ते पाहावे. रक्तक्षय, नुकतेच दिलेले रक्त किंवा सिकलसेलसारखे हिमोग्लोबिनचे दोष असतील, तर एचबीए१सीच फसवी असू शकते आणि तेव्हा मीटरच्या नोंदींचे महत्त्व वाढते.

११. सेन्सर घ्यावा का?

दंडावर किंवा पोटावर चिकटवायचा सेन्सर त्वचेखालच्या द्रवातील ग्लुकोज दर काही मिनिटांनी मोजतो आणि तो प्रकारानुसार साधारण १० ते १५ दिवस चालतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना, विशेषतः रात्री साखर उतरते पण जाणवत नाही अशांना, त्याचा इशारा खरोखर मोलाचा ठरतो. खर्च परवडत नसेल, तर मधूनमधून एखादाच सेन्सर लावूनही बरेच शिकता येते.

त्याच्या मर्यादा मात्र आधीच ठाऊक असाव्यात. त्वचेखालचा द्रव रक्ताच्या काही मिनिटे मागे असतो. साखर वेगाने चढत किंवा उतरत असताना सेन्सर आणि बोट यांचे आकडे जुळत नाहीत. पहिल्या दिवशी सेन्सर कमी भरवशाचा असतो. त्याच कुशीवर झोपल्यास दाबामुळे खोटाच उतरलेला आकडा दिसतो आणि मध्यरात्री इशारा वाजतो. काही सेन्सरवर पॅरासिटामॉलचा, तर काहींवर जास्त मात्रेतल्या क जीवनसत्त्वाचा परिणाम होतो. म्हणून सेन्सर लावला तरी मीटर आणि थोड्या स्ट्रिप्स घरात हव्यातच: लक्षणे आणि सेन्सर यांचा मेळ बसला नाही, की बोट टोचून खात्री करावी.

सेन्सरच्या अहवालात सुटा आकडा पाहत बसण्यापेक्षा ७० ते १८० या पट्ट्यात गेलेला वेळ पाहावा. बहुतेक प्रौढांसाठी तो ७० टक्क्यांहून अधिक आणि ७० च्या खालचा वेळ ४ टक्क्यांहून कमी असावा, असे लक्ष्य २०१९ पासून सर्वत्र रूढ झाले आहे.

१२. आजारपणातील तपासणी

ताप, उलट्या किंवा संसर्ग असताना काही न खाताही साखर चढते. टाइप १ मधुमेह असणाऱ्यांनी अशा काळात दर काही तासांनी साखर पाहावी आणि ती २४० च्या वर राहत असेल, तर कीटोनही (इन्सुलिन अपुरे पडून शरीर चरबी जाळू लागले की तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) तपासावेत. रक्तातील कीटोन मोजणाऱ्या स्ट्रिप्स वेगळ्या असतात. त्यांचा आकडा ०.६ मिलिमोलच्या खाली असणे सामान्य, १.५ च्या वर गेल्यास डॉक्टरांशी लगेच संपर्क आणि ३ च्या वर गेल्यास थेट रुग्णालय. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन या गटातील गोळ्या घेणाऱ्यांमध्ये साखर फारशी न चढताही कीटोन वाढू शकतात, हे विशेष लक्षात ठेवावे.

लघवीतील साखर तपासणे हा यावरचा पर्याय नाही. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेल्याशिवाय ती लघवीत येत नाही, आणि रक्तातली साखर फार कमी झाली असेल, तर ते लघवीतून कळतच नाही.

१३. प्रवास आणि वापरलेल्या सुया

विमानप्रवासात मीटर, स्ट्रिप्स, इन्सुलिन आणि ग्लुकोज हातातल्या बॅगेतच ठेवावे; सामानाच्या कप्प्यातली थंडी आणि हरवण्याची शक्यता दोन्ही टाळता येतात. डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी आणि लागतील त्यापेक्षा बऱ्याच जास्त स्ट्रिप्स घ्याव्यात, कारण दुसऱ्या देशात आपल्या मीटरच्या स्ट्रिप्स मिळतीलच असे नाही. तेथे नवा मीटर घ्यावा लागला, तर त्याचे एकक वेगळे असू शकते.

वापरलेल्या सुया घरच्या कचऱ्यात सुट्या टाकू नयेत; कचरा उचलणाऱ्याच्या हातात त्या शिरतात. जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकाव्यात, डबा तीन चतुर्थांश भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करावे आणि त्यावर 'वापरलेल्या सुया' असे ठळक लिहावे. तो रुग्णालयात, औषधाच्या दुकानात की स्थानिक कचरा व्यवस्थेकडे द्यायचा, हे पहिला डबा भरण्याआधीच विचारून ठेवावे. रक्त लागलेल्या स्ट्रिप्स आणि कापूस बंद पिशवीत बांधून टाकावेत, आणि भरत आलेला डबा लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशा उंचीवर ठेवावा.